नळाशी वाचलेला मेसेज

हॉलमध्ये शिरण्याआधी लंकाबाई हात धुवायच्या नळाशी थांबायची, जाळीची निळी टोपी कानांवरून ओढून घ्यायची आणि फोन हातभर लांब धरून मेसेज मोठ्यानं वाचायची. चष्मा टोपीच्या आत, केसांत अडकलेला असायचा. तो काढायचा तर टोपी परत घालावी लागली असती, म्हणून फोनच लांब जायचा. मागे बायका ओळीनं हात धुवत असायच्या. बांगड्या काढून ठेवलेल्या असल्यामुळे एवढ्या हातांचा काही आवाज येत नसे. फक्त पाणी, आणि लंकाबाईचा घोगरा आवाज.

"आज काळी द्राक्षं आधी, मंग हिरवी थॉमसन. संध्याकाळी कंटेनर हाय. नखं बघणारेत, ज्यांची वाढली त्यांनी आत्ताच कापा. बाकी फुलं हायेत."

फुलं म्हणजे मॅनेजरनं पाठवलेला गुलाबाचा फोटो आणि त्याखालचा सुविचार. विश्वास हे संस्थेचं मूळ असतं, खरा नेता सर्वांना सोबत घेऊन चालतो, असं काहीतरी. मेसेज सुरू झाले त्या पहिल्या आठवड्यात लंकाबाईनं तेही वाचून दाखवलं होतं. तेव्हा रंगूबाईनं मागून विचारलं, "सोबत घिऊन कुठं चाललाय त्यो?" बायका इतक्या हसल्या की काम सुरू व्हायला उशीर झाला. तेव्हापासून लंकाबाई फुलं सोडून द्यायची.

पिंपळगाव बसवंतला महामार्गाच्या कडेला ते द्राक्षाचं पॅकहाऊस होतं. बागांतून क्रेट यायचे, बायका लांब टेबलांशी उभ्या राहून बारीक कात्रीनं घडातले खराब मणी काढायच्या, घड पारदर्शक डब्यांत भरायच्या, डबे थंड खोलीत जायचे आणि तिथून बोटीनं परदेशात. आत फोन न्यायचा नाही, ही तिकडच्या गिऱ्हाइकाची अट. दारातच सगळ्यांचे फोन लॉकरमध्ये बंद व्हायचे. फक्त लंकाबाईचा आत जायचा, गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत, कारण ती बायांची मुकादम. त्यामुळे ऑफिस काय म्हणतंय ते बायकांना तिच्या तोंडूनच कळायचं. या कामाचा तिला वैतागच होता. "मी काय रेडिओ हाय का," असं ती रोज म्हणायची आणि रोज वाचायची.

आधीचे मॅनेजर यादवसाहेब असताना हा प्रकार नव्हता. ते ओरडायचे, कधी तोंडात शिवीही यायची, पण पालथ्या क्रेटवर उभं राहून, सगळ्यांसमोर. उद्या काम आहे की नाही, गाडी कशानं अडली, माल का परत आला, सगळं त्या क्रेटवरून. मग दीपक आला. नाशिक रोडला वाढलेला, पुण्यात शिकलेला, तिशीतला, बोलायला मऊ. त्यानं कोपऱ्यात काचेची केबिन करून घेतली, हजेरीला चेहरा ओळखणारं यंत्र आणलं, छताला कॅमेरे बसवले आणि भिंतीवर मोठा टीव्ही लावला. टीव्हीवर प्रत्येक टेबलाचं काम दिसायचं. टेबल पुढे असलं की हिरवं, मागे पडलं की लाल. एखादी पाणी प्यायला गेली तरी तिचं टेबल हळूहळू पिवळं व्हायला लागायचं.

"आता सगळं ट्रान्सपरंट," दीपक पहिल्या दिवशी म्हणाला होता. "कुणी कुणापासून काही लपवायचं नाही."

आणि त्यानं 'आपला परिवार' नावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यात फक्त त्यालाच लिहिता यायचं. परिवारानं खाली अंगठा लावायचा.

त्याची एक सवय लंकाबाईला सोसत नसे. फोनवर बोलत बोलत तो उघड्या डोक्यानं हॉलमध्ये यायचा. "टोपी घाला, सर," ती म्हणायची. "सॉरी, मावशी," म्हणून तो बाहेर जायचा आणि परत यायचाच नाही. मग थोड्या वेळानं तिच्या गळ्यातली पिशवी थरथरायची. जे बोलायला तो आला होता ते मेसेजमध्ये उतरलेलं असायचं.

त्या हंगामात थंडी लांबली आणि मणी हवे तसे फुगले नाहीत. परदेशातलं गिऱ्हाईक कुरकुरत होतं. कंटेनरचे ड्रायव्हर चहाच्या टपरीवर सांगायचे की हे पॅकहाऊस होळीच्या आसपास बंद पडणार. ऑफिसातून कोणी काही बोलेना. केबिनची काच मात्र रोज पुसली जायची.

सगळ्यांत जास्त घोर भागीबाईला होता. ती सुरगाण्याकडची. खळ्यातलं भात घरात आलं की तिच्या पाड्यावरच्या बाया तिच्यामागे इकडे यायच्या आणि हंगामभर पॅकहाऊसच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायच्या. वणीजवळच्या एका पॅकहाऊसचा मुकादम, सुनील, तिला बोलावत होता. घराजवळचं काम, पाडव्यापर्यंत पक्कं. पण हो की नाही ते त्याला सकाळीच कळायला हवं होतं, नाहीतर तो दुसरी टोळी घेणार. इथलं चालू काम सोडून गेलं तर इथे परत कोण घेणार? आणि इथे थांबलं आणि हेच बंद पडलं, तर ऐन हंगामात अख्ख्या टोळीनं रिकाम्या हातानं पाड्यावर जायचं.

म्हणून त्या सकाळी भागीबाई नळाशी सगळ्यांत पुढे उभी होती. लंकाबाईनं फोन लांब धरला.

"हंगाम गुढीपाडव्यापर्यंत नक्की चालणार आहे. अफवांवर विश्वास ठेवू नका. सर्वांनी निश्चिंत राहा." तिनं ते एकदा वाचलं आणि बायकांनी सांगितलं म्हणून पुन्हा एकदा वाचलं.

भागीबाईनं ओले हात तसेच वर धरले होते. "तू म्हनतेस?"

"मेसेज म्हनतोय."

"मेसेजचं नाय इचारत. तू म्हनतेस का?"

मागची रांग खोळंबली होती. आत टेबलं रिकामी पडली होती. लंकाबाई चिडूनच म्हणाली, "मी म्हनते, बाई. चल आता, टेबल पिवळं होईल."

भागीबाई लॉकरकडे धावली, तिनं सुनीलला फोन लावून नाही म्हणून सांगितलं आणि हात पुन्हा धुवून टेबलाशी येऊन उभी राहिली. त्या दिवशी तिचं टेबल दिवसभर हिरवं होतं.

संध्याकाळी लॉकर उघडले. बायका बांगड्या चढवत, फोन चालू करत बाहेर पडत होत्या. रंगूबाईला तो मेसेज तिच्या नवऱ्याला दाखवायचा होता, कारण त्यानंही टपरीवरच्या बातमीचा धसका घेतला होता. तिनं बोटानं वर-खाली केलं आणि थांबली.

"ह्यात तर काय नाय."

सकाळच्या मेसेजच्या जागी एकच ओळ होती : हा मेसेज डिलीट केला आहे. त्याच्याखाली दुपारी आलेला नखांचा मेसेज, त्याच्याखाली नवा गुलाब. एकीच्या फोनवर नाही म्हणून दुसरीनं आपला बघितला, मग तिसरीनं. लंकाबाईनं टोपी काढून चष्मा नीट नाकावर घेतला आणि स्वतःच्या फोनमध्ये पाहिलं. तिथेही तीच ओळ.

"मंग तू कुठला वाचला, लंकाबाई?" रंगूबाई म्हणाली. "तुझ्या मनातला?"

दोघी-तिघी हसल्या. भागीबाई हसली नाही. तिला वाचता येत नव्हतं. तिनं आपला फोन शेजारणीकडून वाचून घेतला, परत घेतला, पदरात बांधला आणि लंकाबाईच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहत राहिली. मग खोल्यांकडे निघून गेली. ती भांडली असती तर लंकाबाईला बरं वाटलं असतं.

मेसेज नाहीसा झाल्याचा एक वाईट परिणाम असा झाला, की उभ्या उभ्या लंकाबाईला स्वतःचीच शंका येऊ लागली. 'नक्की' लिहिलेलं होतं ना? की 'चालण्याची शक्यता' होतं आणि आपणच घाईत नक्की केलं? केबिनच्या बाहेर निकिता कॉम्प्युटरवर बसायची. पिंपळगावचीच पोर. लंकाबाई तिच्या खुर्चीशी वाकली.

"निकिता, सकाळी नक्की म्हणून होतं ना गं?"

निकितानं आधी काचेकडे पाहिलं. "होतं, मावशी. तुम्ही वाचलं तस्संच होतं. पण मी सांगितलं म्हणू नका हां."

"का?"

"उगाच कशाला."

म्हणजे जिला माहीत होतं ती बोलणार नव्हती, जो बोलला होता त्यानं बोललेलं पुसलं होतं, आणि राहिली ती, जिनं नुसतं वाचलं होतं. लंकाबाईनं काचेचं दार ढकललं.

दीपक लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता. "या ना, मावशी. बसा."

"सर, सकाळचा मेसेज कुठं गेला?"

"अहो, तो जरा लवकर पडला माझ्याकडून. मुंबई ऑफिसनं सांगितलं, अजून लेखी काही नको."

"मंग खरं काय? चालणार का नाय चालणार?"

"बोलणं सुरू आहे. ठरलं की मी लगेच ग्रुपवर टाकतो ना."

"बायकांना मी शब्द दिलाय, सर."

"तुम्ही कशाला दिलात?" त्यानं हे अगदी मऊपणानं विचारलं. "तुम्ही फक्त वाचायचं, मावशी."

लंकाबाई खुर्चीत बसली नव्हती ते बरंच झालं. "कोण कधी पाणी प्यायला गेली ते तुमच्या भिंतीवर दिसतं. तुम्ही सकाळी काय बोलला ते संध्याकाळपर्यंत सुद्धा टिकत नाय."

"तुम्ही मनाला लावून घेताय. माझी बाजू पण बघा. लेबर आत्ता हलली तर मी हे कंटेनर भरणार कसे? मला पण वर उत्तर द्यायचं असतं."

लेबर. ती काहीतरी बोलणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं एक मिनिट म्हणून बोट वर केलं आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. लंकाबाईनं त्याच्या पाठीकडे बघत एक मिनिट वाट पाहिली, मग आणखी थोडी पाहिली, आणि दार उघडं टाकून निघून आली.

तिचा नवरा गोरक्ष टेम्पो चालवायचा. आजूबाजूच्या गावांतल्या बायकांना सकाळी आणायचा, संध्याकाळी पोचवायचा. त्या संध्याकाळी टेम्पोत कोणी गाणी लावायला सांगितली नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं होतं. घरी लंकाबाई भाकरी थापत होती आणि प्रत्येक भाकरीबरोबर परात हलत होती.

"तुला वाचायचा येगळा पगार देत्यात का?" गोरक्षनं विचारलं.

"नाय."

"मंग नको वाचू. मिटला विषय."

तो विषय मिटवायलाच म्हणाला होता. पण लंकाबाईचा हात परातीवर थांबला, आणि तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळाशी नेहमीच्या जागी उभी राहिली. टोपी ओढून घेतली. बायकांनी हात धुतले. गळ्यातली पिशवी थरथरली. लंकाबाईनं फोन काढला नाही.

"आज वाचत नाय," ती म्हणाली. "ज्याचा मेसेज हाय त्यानं यावं आणि वाचावं."

"आणि काम?" कोणीतरी विचारलं.

"त्यो आला की."

बायका एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. दारातल्या यंत्रानं त्यांचे चेहरे घेतले होते, म्हणजे त्या हजर होत्या. टेबलाशी मात्र कोणी नव्हतं. हॉलच्या दाराच्या काचेतून भिंतीवरचा टीव्ही दिसत होता. एकेक टेबल पिवळं झालं, मग लाल. शेवटी सगळी भिंतच लाल झाली. असं आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"देवीचा मळवट भरल्यागत दिसतंय," रंगूबाई म्हणाली.

लंकाबाईची पिशवी पुन्हा थरथरली, मग पुन्हा. तिसऱ्या खेपेनंतर केबिनचं दार उघडलं आणि दीपक तरातरा आला, उघड्या डोक्यानं, फोन हातात.

"काय झालं? मी मेसेज केलाय ना?"

"टोपी घाला, सर."

"मावशी, आत्ता—"

"इथून आत टोपीशिवाय नाय."

तो वळला. आता केबिनमध्ये जाऊन बसतो की काय, असं सगळ्यांना वाटलं. पण या वेळी तो परत आला, टोपी एका कानावर तिरकी. लंकाबाईनं नळाशेजारची आपली जागा सोडली आणि ती बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. दीपक त्या मोकळ्या जागेत आला. त्यानं घसा खाकरला आणि स्वतःच्याच फोनमधून वाचलं.

"हंगामाबाबत अंतिम निर्णय लवकरच कळवण्यात येईल. सर्वांच्या सहकार्याची अपेक्षा."

लिहिताना ते बरं वाटलं असेल. नळाशी ते फार छोटं वाटलं.

"कव्हा?" भागीबाईनं विचारलं.

"लवकरच."

"लवकर म्हंजी कव्हा?"

दीपकनं लंकाबाईकडे पाहिलं. तिनं काहीतरी बोलावं, बायकांना आत न्यावं, नेहमीसारखं सांभाळून घ्यावं, असं ते पाहणं होतं. दोन हंगाम ती तेच करत आली होती. लंकाबाई ठिबकणाऱ्या नळाकडे बघत राहिली.

"मला माहीत नाही," दीपक शेवटी म्हणाला. मग फोन खाली करून तो पुढे बोलला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच नाशिक रोडच्या साध्या पोरासारखा आला. "होळीपर्यंत पुरेल एवढा माल आहे. त्याच्या पुढचं मुंबईला पण माहीत नाही. काल लिहिलं ते तुम्ही सोडून जाऊ नये म्हणून लिहिलं. मग वरून फोन आला, म्हणून काढलं."

रंगूबाईनं ठिबकणारा नळ घट्ट पिळला.

भागीबाईनं मान हलवली. "म्हंजी लंकाबाईनं वाचलं ते व्हतं."

"होतं. त्यांनी बरोबर वाचलं."

भागीबाई लंकाबाईकडे वळली. तेवढंच. मग तिनं हात पुन्हा एकदा नळाखाली धरले, कारण उभं राहून राहून ते सुकले होते, आणि ती आत गेली. तिच्यामागून सगळ्या गेल्या. भिंत हळूहळू पिवळी, मग हिरवी होत गेली.

आपली बाजू खरी ठरल्याचं सुख लंकाबाईला फार वेळ मिळालं नाही. खरं कळलं होतं, पण भागीबाईची वणीची जागा गेली होती, आणि ती लंकाबाईच्या 'मी म्हनते'वर गेली होती. जेवणाच्या सुट्टीत तिनं निकिताकडच्या मुकादमांच्या यादीतून सुनीलचा नंबर मिळवला आणि बाहेर पाण्याच्या टाकीशी उभं राहून फोन लावला.

सुनील आधी भडकला. "काल नाय म्हनत्यात, आज हो. तुमच्या पिंपळगावात चाललंय काय?"

"चूक भागीबाईची नाय, भाऊ. मी सांगितलं म्हणून ती थांबली."

"तुम्ही कोण?"

"मी लंकाबाई. मुकादम हाय इथली."

"मुकादम असून आपलीच टोळी काढून देता?" तो हसला. मग म्हणाला की त्याच्याकडे माल एकदम आलाय, दुसरी टोळी अपुरी पडतेय, उद्या सकाळी पोचत असतील तर घेईन, परवा नाही.

लंकाबाईनं भागीबाईला गाठून तिचा होकार घेतला आणि तिथून ती सरळ काचेच्या केबिनमध्ये गेली. दीपक फोनवर होता. त्यानं बोट वर केलं, पण ती या वेळी थांबली नाही.

"सर, भागीबाईची टोळी उद्या जातेय. वणीला. जागा मीच बघितली. तुम्हाला उद्या टीव्हीवर बघून कळू नये म्हणून आत्ताच सांगते."

त्यानं फोनवर हात ठेवला. "मावशी, माझी लाइन कशी चालेल?"

"हळू चालल."

"आणि वर मी काय सांगू?"

"हेच. मी सांगितलं तसं."

तो काहीतरी बोलणार होता, पण फोनमधून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना गोरक्षनं टेम्पो पत्र्याच्या खोल्यांशी लावला. बायकांनी गाठोडी आणि पातेली वर चढवली. लंकाबाई कोणाला चादर विसरली म्हणून, कोणाला उशीर लावला म्हणून रागावत होती. भागीबाई सगळ्यांत शेवटी चढली आणि पदराची गाठ सोडून तिनं फोन पुढे केला.

"तुझा नंबर घाल ह्यात. त्या परिवारातला नको. तुझा."

लंकाबाईनं चष्मा शोधला, तो केसांतच होता. तिनं नंबर घातला आणि नावाच्या जागी द्राक्षाच्या घडाचं चित्र लावून दिलं, म्हणजे न वाचता ओळखता येईल. टेम्पो महामार्गाला लागेपर्यंत ती तिथेच उभी होती. मग टेबलाशी माणसं कमी आहेत हे आठवून लगबगीनं आत गेली.

दीपक काही दिवस रोज सकाळी नळाशी आला. नंतर पुन्हा मेसेज येऊ लागले, तेव्हा लंकाबाई नुसती नळावर हात ठेवून उभी राहायची, आणि तो यायचा. एकदा 'माहीत नाही' म्हणायला शिकल्यावर तो ते जरा जास्तच वेळा म्हणू लागला. माल किती येणार, माहीत नाही. गाडी कधी सुटणार, माहीत नाही. "जे माहीत असतं ते तरी बघून येत जावा की, सर," लंकाबाई वैतागून म्हणायची. बायका हसायच्या. तोही कधी कधी हसायचा. गुलाब मात्र थांबले नाहीत.

होळीनंतर थोड्याच दिवसांत पॅकहाऊस बंद झालं. शेवटच्या दुपारी पंखे एकेक करून बंद होत होते, टेबलं धुवून उभी केली जात होती आणि एकाच टेबलावर उरलेले थोडे क्रेट होते. पुढच्या हंगामाला लंकाबाईला बोलावणार की नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. ती कात्रीनं घड फिरवून बघत होती. केबिनचं दार उघडलं. दीपक हॉलमधून तिच्याकडे येत होता. हातात फोन नव्हता. बोलायचं काहीतरी तोंडात जुळवत, उघड्या डोक्यानं तो टेबलापर्यंत पोचला.

लंकाबाईनं घडावरून नजर काढली नाही.

"टोपी घाला, सर. एक टेबल अजून चालू हाय."